फक्त ओठ हलव

तालुक्याची समूहगीत स्पर्धा उद्यावर आली आणि नेमकी आजच बबिता मॅडमची पेटी रुसली! दिग्रसच्या त्यांच्या शाळेनं सलग तीन वर्षं ढाल जिंकलेली. यंदाही आणतेच, असं मॅडमनी मुख्याध्यापकांना छातीठोकपणे सांगून ठेवलेलं. पाचवी ते दहावीची चाळीस मुलं रांगेत उभी आणि पेटीतला एक सूर बेसूर. शेवटी बाजारात पेट्या दुरुस्त करणाऱ्या जफरचाचांना बोलावणं गेलं.

चाचा कोपऱ्यात पेटी उघडून बसले. मॅडमनी मोबाइलवर तानपुरा लावून तालीम सुरू केली, नेहमीच्याच उंच पट्टीत. त्या स्वतः त्याच पट्टीत शिकलेल्या, म्हणून लहानमोठ्या सगळ्यांना तीच.

मागच्या रांगेत तांड्यावरून येणारा नववीतला बादल होता. त्याचं तोंड हलत होतं, पण आवाज नव्हता.

"याचा गळा बसला काय, मॅडम?" चाचांनी विचारलं.

"बसला नाही, फुटलाय. वर गेला की चिरकतो. दिवाळीपासून सांगून ठेवलंय, फक्त ओठ हलव."

मुलं फिसकन हसली. बादलनं मान खाली घातली.

"तेव्हापासून हा वर्गातबी बोलत नाही, मॅडम," त्याच्याच वर्गातली मेहनाज धीर करून म्हणाली. "हजेरीले नुसता हात वर करते."

मॅडमनी चमकून बादलकडे पाहिलं. नववीची हजेरी त्याच घेत. तो वर आलेला हात त्या रोज पाहत होत्या आणि पोरगा शिस्तीचा झाला म्हणून खूश होत होत्या! पण डोळ्यांपुढे ढाल होती.

"उद्याचं पार पडू द्या, मग बघू," त्या तुटकपणे म्हणाल्या.

चाचांनी पेटीतली पितळेची बारीक पाती वर धरली. "हा सूर बिघडला. यात कापूस कोंबून देऊ? आवाज बंद, कटकट बंद!"

"असं कसं? पेटी अधुरी राहील ना!"

"मंग पोराच्या गळ्यात कापूस कायले कोंबला? या पितळेले मी दोन तास देऊन राह्यलो, तुमी त्याले दोन मिनिटं तरी देल्ले काय? आवाज मोठा झाला त्याचा, खराब नाही झाला. त्याले खाली जागा द्या."

मॅडमचा चेहरा आधी रागानं आणि मग शरमेनं लाल झाला.

"बादल, खालच्या सुरात म्हण बरं."

बादलनं मान आणखी खाली घातली. मग पुटपुटला, "मले नाही जमत. तुमीच सांगतलं नं."

चाळीस मुलांसमोर मॅडमनी हात जोडले. "चुकलं माझं, बादल! पट्टी मी चुकीची दिली. तुझ्या गळ्यात काही खोट नाही."

बादलनं मान वर केली. पहिली ओळ थरथरली, दुसरी जमिनीवर आली. नववी-दहावीची आणखी चार मुलं त्याच्यासोबत खाली उतरली आणि पाचवीच्या कोवळ्या आवाजांना प्रथमच खालून आधार मिळाला.

एका दिवसात बसवलेलं गाणं ते! दुसऱ्या दिवशी स्पर्धेत ढाल वेगळ्याच शाळेनं नेली. मॅडमनी मुख्याध्यापकांची बोलणी मुकाट्यानं ऐकून घेतली.

सोमवारी हजेरी सुरू झाली. "बादल राठोड?"

हात वर आला नाही. मॅडमचं पेन हजेरीवर थांबलं.

"हजर, मॅडम!" मागच्या बाकावरून जाडाभरडा, खणखणीत आवाज आला.

मंडळी, आपल्या घरात, शाळेत, कचेरीत आपणही कुणाला तरी नुसते ओठ हलवायला लावलेलं असतं. एकदा पाहा तरी, तो कोण आहे! ढाल पुढच्या वर्षी परत येईल. गप केलेलं मूल मात्र आपण होऊन बोलत नाही, आधी आपल्याला चूक कबूल करावी लागते.