रिकामा की भरलेला

मी बुटांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर माझं एकच पालुपद चालू असतं, "ताई, आज बसेल तोच जोड घ्या. पुढच्या वर्षीचा आत्ता घेतलात तर पोर तोंडावर आपटेल." गिऱ्हाईक मान डोलावतं, ऐकतंही. आणि घरी मी स्वतः लेकीसाठी प्रत्येक वस्तू एक माप मोठी आणते. स्वेटर, मोजे, चपला, सगळं. वाढतं अंग आहे, म्हणते. तेव्हा भिंगरीची फुटबॉलची टोपी एक माप मोठी आली, यात नवल ते काय?

भिंगरी म्हणजे आमची तेरा वर्षांची लेक. खरं नाव हजेरीपटावर आहे, घरात ते फक्त रागावल्यावर निघतं. चालायला लागली तेव्हापासून एका जागी उभी राहिलेली मी तिला पाहिलेली नाही. संघात बचावाला खेळते, त्यामुळे उंच आलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवायचा हा तिचा धर्म.

आणि टोपी म्हणजे तशी टोपी नव्हेच. कपाळापासून मागपर्यंत डोक्याला वेढणारा जाड पट्टा, आत फोम, मागे आवळायला पट्टी. मी ती घरी आणून ऐटीत म्हटलं, "हे तुझं शिरस्त्राण." त्यावर आठवडाभर मला "सरसेनापती, जेवायला काय आहे?" असं ऐकावं लागलं.

पण टोपी आणण्यामागे गंमत नव्हती. आदल्या मोसमात त्यांच्या गोलकीपर मुलीच्या डोक्याला कुणाचातरी गुडघा लागला. पोरगी हसत उठली, खेळली, आणि संध्याकाळी घरी उलट्या करत आडवी झाली. सगळा मोसम ती घरात बसून होती. तिला भेटायला गेले तेव्हा तिच्या आईचा चेहरा पाहिला. घरी येऊन मी फर्मान काढलं, "टोपी घालशील तर खेळशील. नाहीतर बूट माळ्यावर."

भिंगरी रडली, रुसली, "कुणीच घालत नाही, मी एकटीच येडी दिसेन," म्हणाली. शेवटी घातली. पहिल्याच हेडरला टोपी सरकून नाकावर आली आणि तिने समोरच्या मुलीला अडवण्याऐवजी आपल्याच संघातल्या मुलीला मिठी मारली. मग टोपी माझ्या नवऱ्याच्या ताब्यात गेली.

नवरा लोकांचं घरसामान हलवणाऱ्या कंपनीत आहे. काचा, कपबश्या, आरसे गुंडाळून खोक्यांत भरणं हे त्याचं काम. सुतळीने त्याने भिंगरीच्या डोक्याचं माप घेतलं, बश्यांच्या मध्ये घालतात तो पातळ फोम कापला, आणि टोपीच्या आत असा बसवला की तिने उड्या मारल्या तरी टोपी हलेना.

"वस्तू आपटून फुटते असं लोकांना वाटतं," तो म्हणाला. "आत सैल असते म्हणून फुटते."

"मग डोक्याच्या आत जे सैल आहे त्याचं काय?" मी भिंगरीला चिडवायला म्हटलं.

"तिथे माझा हात पोचत नाही," तो म्हणाला, आणि कात्री आवरायला गेला. मला ते ऐकू आलं, पण मी ते कानाआड केलं.

या दोघांचा एक जुना खेळ होता. खोका भरून झाला की नवरा तो कानाशी धरून हलकेच हलवतो; आत काही वाजलं तर पुन्हा उघडतो. भिंगरी लहान असताना कुठे धडपडली की तो तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून तसंच हलवायचा, कान लावायचा, आणि ती तोंडाने "खुळ खुळ" असा आवाज काढायची. मग दोघं हसून लोळायची. तेरा वर्षांची झाली तरी प्रत्येक सामन्यानंतर ही तपासणी चालूच होती.

त्याच्या कंपनीची एक रीतही आमच्या घरात आली होती. तिथे कुणाच्याही हातून खोका निसटला की त्याने मोठ्याने "पडला!" म्हणायचं. सगळे जागच्या जागी थांबतात. कुणीतरी विचारतं, "रिकामा की भरलेला?" रिकामा असला की हसून पुढे, भरलेला असला की तिथेच उघडून बघायचा. पाडणाऱ्याला रागवायचं मात्र कुणी नाही. कारण न सांगितलेला खोका गाडीत तळाशी जातो, त्याच्यावर दहा खोके चढतात, आणि केसाएवढ्या तड्याचा चुरा होतो. भिंगरी स्वयंपाकघरातून अशीच ओरडायची, "पडला!" मीही विचारायचे, "रिकामा की भरलेला?" पण मी काही कंपनीची माणूस नव्हे. भरलेला असला की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. हळूहळू ती ओरडेनाशी झाली. एकदा दुधाचा पेला फुटलेला मला कपाटामागे सापडला होता, तेव्हाही मी नको तेवढं बोलले होते.

मग उपांत्य सामना आला. नवरा त्या दिवशी कामावर होता, मी मैदानाच्या कडेला. सामना संपत आला असताना उंच चेंडूसाठी भिंगरी आणि समोरची एक दांडगी मुलगी एकाच वेळी उडाल्या. डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज मला कडेला ऐकू आला. पण भिंगरी चटकन उठली, माझ्याकडे बघून टोपीवर टपली मारली आणि हसली. सामना जिंकला. मग काय, मला आकाश ठेंगणं झालं. "बघितलंत?" मी आजूबाजूच्या आयांना म्हटलं. "टोपी! नाहीतर आज काय झालं असतं?" तिघीजणींनी तिथल्या तिथे दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

घरी आल्यावरही माझं तेच. बहिणीला फोन लावून मी सगळा सामना रंगवून सांगत होते. भिंगरीने पडदा ओढून घेतला होता आणि उशी तोंडावर घेऊन पडली होती. "आई, हळू बोल ना," ती म्हणाली. मला वाटलं, जिंकली तर शेफारली. जेवणाला नाही म्हणाली. मला वाटलं, थकली. आई म्हणून मी किती हुशार, हे त्या संध्याकाळी बघण्यासारखं होतं.

नवरा आला, हात धुतले, आणि नेहमीसारखं म्हणाला, "चला, तपासणी." त्याने हात पुढे केले तशी भिंगरी मागे सरकून भिंतीला टेकली.

"आज नको, बाबा."

"का गं?"

"केस ओले आहेत."

केस कोरडे होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात खाली घेतले, आणि दाराशी जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बोलला तोही बुटांशीच.

"आज आमच्याकडे एक आरसा पडला. जिन्यात. आमच्यातला एक जण एकटाच होता, कुणी बघितलंही नव्हतं. तरी ओरडला, पडला म्हणून. उघडून बघितलं तर कोपऱ्याला तडा. वेगळा बांधला, उभा ठेवला, पोचला नीट."

"त्याला ओरडलं कोणी?" भिंगरीने विचारलं.

"कशाला ओरडतील? ओरडले तर पुढच्या वेळी तो सांगेल का?"

भिंगरीने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात फोन तसाच होता, पलीकडून बहीण हॅलो हॅलो करत होती. मी तो बंद केला.

"बाबा," ती म्हणाली. "पडला."

"रिकामा की भरलेला?"

"भरलेला. डोकं खूप दुखतंय. मैदानापासूनच."

आणि मग बांध फुटला. हुंदक्यांमधून एकेक शब्द येत होता. "टोपीचं काही चुकलं नाही बाबा, तू किती छान बसवली होतीस. पण आईने सगळ्यांना सांगितलं, टोपीमुळे काही झालं नाही. मग मी कसं सांगू? आणि सांगितलं तर बूट माळ्यावर. फायनल आहे ना गं आई."

"अगं मूर्ख मुली" हे शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले होते. तिथेच गिळले. मला फार वाईट वाटलं. माझी पोर दुखणं लपवत होती ते दुसऱ्या कुणापासून नाही, माझ्यापासून लपवत होती. तिला टोपी घालून मी निर्धास्त झाले होते, आणि तिचं तोंड मीच बंद करून ठेवलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"बूट माळ्यावर जाणार नाहीत," मी म्हटलं.

"शप्पथ?"

"शप्पथ. पण आत्ता चपला घाल. डॉक्टरांकडे जायचंय."

ती चपला घालून निघाली. एक माप मोठ्या होत्या. दुखऱ्या डोक्याने, फटक फटक आवाज करत ती आमच्या दोघांच्या मध्ये चालत होती, आणि त्या प्रत्येक फटक्याला ती डोळे मिटत होती. शेवटी नवऱ्याने तिला पाठुंगळी घेतलं. मी चपला हातात घेतल्या.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, सरळ रेषेत चालवलं, दहा प्रश्न विचारले. "मेंदूला हादरा बसलाय," त्या म्हणाल्या. "वेळेवर आलात, बरी होईल. पण विश्रांती हवी आणि फायनल विसरायची. याच्यावर दुसरा मार बसला असता तर मात्र कठीण होतं."

"पण टोपी होती," मी अजूनही हट्ट सोडला नव्हता.

"खोक पडायची ती वाचली, टेंगूळ वाचलं. मेंदू आत हलतो, त्याला बाहेरचा पट्टा काय करणार?" मग नवऱ्याने प्रामाणिकपणे त्याच्या आणि भिंगरीच्या तपासणीच्या खेळाबद्दल सांगितलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा कानापर्यंत लाल झाला. डोकं हलवणं त्या दिवसापासून बंद.

फायनलला भिंगरी राखीव मुलींच्या बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली. मैदानात मात्र तीन नव्या कोऱ्या टोप्या दिसत होत्या, माझ्या कृपेने. त्या तिघींच्या आयांकडे जाणं मला जिवावर आलं होतं. पण गेले, आणि सगळं सांगितलं.

"अगं बाई! मग आता काढून टाकायची का?" एकीने विचारलं.

"काढू नका. पण टोपी आहे म्हणून विचारायचं सोडू नका. आणि विचारल्यावर पोरगी जे सांगेल त्यावर ओरडू नका. हे दुसरं फार अवघड आहे, मी सध्या शिकतेय."

शिकत होतेच. त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातून हाक आली होती, जरा दबकतच, "पडला."

"रिकामा की भरलेला?"

"भरलेला. दूध. सगळं."

मी ओठ आवळून फरशी पुसली. नवरा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. "तू काही बोलू नकोस," मी म्हटलं. "आत्ता माझाच खोका भरलेला आहे."

फायनल आपण हरलो. भिंगरी मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडली, आणि मीही थोडी.

नव्या मोसमात ती परत उतरली, टोपी घालूनच. त्या दिवशी नवराही होता. आपण एका गोलने पुढे होतो. भिंगरी मागे धावता धावता उलटी पडली आणि तिचं डोकं जमिनीला लागलं. ती उठून बसली. सगळ्या गर्दीत तिने मला शोधलं आणि ओरडली, "पडला!"

लोक तिच्याकडे बघायला लागले. दुकानात मागच्या गोदामाला मापं ओरडून सांगायचा माझा आवाज, तो त्या दिवशी कामी आला. "रिकामा की भरलेला?"

तिने डोक्याला हात लावला, खरंच विचार केला. तेवढ्या वेळात मी किती देवांना हाका मारल्या ते सांगत नाही.

"माहीत नाही गं आई!" ती ओरडली. आणि कुणी सांगायच्या आत आपली आपण उठून, सावकाश चालत, मैदानाबाहेर आली. कोचताईंनी दुसरी मुलगी आत पाठवली.

भिंगरी माझ्या शेजारी बसली. टोपीसकट डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. "ओरडणार नाहीस? जिंकत होतो आपण."

"नाही," मी म्हटलं, आणि मला ओरडावंसं वाटलंही नाही. मला तिचा फार अभिमान वाटत होता.

नवरा समोर येऊन उकिडवा बसला. त्याने डोकं हलवलं नाही, नुसता तिच्या कपाळाला कान लावला. ती गंभीर चेहरा करून हळूच म्हणाली, "खुळ."

आम्ही हसलो, तरी तिला तिथूनच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या वेळी काहीही नव्हतं. जाताना बूट काढून तिने चपला घातल्या होत्या, आणि रस्ताभर त्यांचा आवाज आला नाही. मी तिच्या मापाच्या आणल्या होत्या.