दुसरं दुखणं

जैनुद्दीनचाचांनी फुप्फुसाचं औषध सोडलं त्याला दोन महिने होऊन गेले होते, आणि घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात म्हणजे बायकोला, महेरुन्निसाला. मुलगा फैझान न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर. तो महिन्यातून एकदा यायचा.

रोज सकाळी चहा झाला की चाचा मागच्या मोरीपाशी जायचे, हातातल्या छोट्या मशीनमध्ये कॅप्सूल टाकायचे आणि ते फिरवायचे. खट् असा आवाज थेट चुलीपर्यंत पोचायचा. मग आतली पांढरी भुकटी मोरीत झटकून ते वर तांब्याभर पाणी ओतायचे.

"घेतलंत?" आतून महेरुन्निसा विचारायची.

"घेतलं."

चाचा तसे खोटं बोलणारे नव्हते. आखातातल्या एका गोदीत त्यांनी एकोणीस वर्षं जहाजांचा गंज काढला होता. वाळूचा जोरदार फवारा मारून लोखंड घासायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि संध्याकाळी थुंकीतून काळं पडलेलं बघायचं, असं ते काम. वर बिड्याही होत्याच. साठी उलटल्यावर गावी परतले तेव्हा खाडीच्या धक्क्यावरून घरापर्यंतची चढण त्यांना एका दमात जमेना. माणगावच्या छातीच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये हे नवीन मशीन लिहून दिलं, आणि खरं सांगायचं तर ते लागू पडलं. दहा दिवसांत चाचा धक्क्यापर्यंत जाऊन न थांबता परत आले. महेरुन्निसाने त्या दिवशी खीर केली होती.

पण त्यांना दुसरं एक दुखणं होतं, जे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन-तीन वर्षांपासून लघवीची धार बारीक झाली होती. हे मशीन सुरू झालं आणि ती जवळजवळ अडलीच. पंधरा-पंधरा मिनिटं उभं राहायचं, थेंबथेंब, आणि बाहेर आल्यावर पुन्हा तीच घाई. कपड्यांचा भरवसा उरला नाही. एका शुक्रवारी मशिदीत नमाजाला उभे असताना त्यांना ओल जाणवली. नमाजाआधी हातपाय धुऊन केलेला वजू तुटला होता. ते रांगेतून मागे सरकले, तसं कुणीतरी धावत खुर्ची आणली, कुणी पाणी.

"दम लागला चाचांना," लोक म्हणाले, आणि चाचांनी ते तसंच राहू दिलं.

त्या दिवसापासून ते घरीच नमाज पढू लागले. दम लागलेल्या माणसाला लोक खुर्ची देतात; या दुसऱ्या दुखण्याला लोक मागून हसतात, एवढं त्यांना माहीत होतं. पुढे एकदा दुकानात कॅप्सूल मिळाल्या नाहीत, चार दिवस खाडा झाला आणि लघवी थोडी मोकळी झाली. चाचांनी मनाशी हिशेब जुळवला. तो बरोबरच होता. फक्त डॉक्टरांना विचारायचं सोडून त्यांनी भुकटी मोरीत झटकायला सुरुवात केली.

नोव्हेंबरच्या अखेरीला, थंडी पडल्यावर, ते धक्क्यावर मासळी घ्यायला गेले आणि चढणीवरच बसले. ओठ निळे पडले होते, शब्द फुटत नव्हता. गावातल्या विनेशने आपली रिक्षा आणली आणि तशीच माणगावपर्यंत पळवली. सरकारी दवाखान्यात चार दिवस ऑक्सिजनवर काढले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खाटेपाशी उभं राहून विचारलं, "मशीन रोज घेत होतात का? खरं सांगा. बरेच जण मधेच सोडतात."

चाचा काही बोलायच्या आत महेरुन्निसा म्हणाली, "रोज सकाळी घेतात, डॉक्टर. मी माझ्या कानानी ऐकते. अल्लाची कसम."

डॉक्टरांनी मान हलवली. "मग हे औषध कमी पडतंय. सोबत आणखी एक चालू करू, आणि हे मशीन मात्र अजिबात सोडायचं नाही."

चाचांनी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षांच्या संसारात महेरुन्निसाने कधी उगाच कसम खाल्ली नव्हती. आज खाल्ली ती त्यांच्या खोट्यावर.

घरी येऊन दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चप्पल घातली. महेरुन्निसा दारात आडवी आली.

"कुठं निघालात?"

"उपकेंद्रात."

"विनेशला बोलावते. चालवणार नाय तुमाला."

"चालत जाणार," चाचा म्हणाले. "मला वाटेत विचार करायचाय."

आरोग्य उपकेंद्र अर्ध्या किलोमीटरवर. चाचा चार ठिकाणी थांबले. प्रत्येक थांब्यावर त्यांनी एकच वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते वाक्य त्यांना जास्तच घाणेरडं वाटलं. दोनदा मागे वळावंसं वाटलं. वळले नाहीत.

उपकेंद्रात मृणाल होती. तळा गावची मुलगी, वय सव्वीस-सत्तावीस, वर्षभरापूर्वीच इथे आरोग्यसेविका म्हणून नेमणुकीवर आलेली. बाकावर तीन बाया बाळांना घेऊन बसल्या होत्या. चाचांना बघून ती उठली.

"चाचा, तुम्ही कशाला आलात? मीच येणार होते आज. बसा, ऑक्सिजन बघते."

"तपासायचं नाय," चाचा धापा टाकत म्हणाले. "सांगायचंय."

मृणालने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बायांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि आतल्या खोलीचं दार लोटलं. चाचा खुर्चीच्या कडेवर बसले. समोर भिंतीवर बाळाच्या लसींचा तक्ता होता; त्या तक्त्याकडे बघतच ते बोलले.

"दोन महिने मी मशीन घेतलं नाय. मोरीत टाकलं. घेतलं की माझी लघवी अडते. कपडे खराब होतात. तू माझ्या मुलीसारखी हायस, तुला हे सांगायला मला... पण आता दुसरं कोण नाय."

मृणाल हसली नाही, की रागावली नाही. तिने खुर्ची थोडी पुढे ओढली. "आधीपासून त्रास होता का लघवीचा? मशीनच्या आधी?"

"दोन-तीन वर्षं."

"डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"छातीच्या डॉक्टराला हे काय सांगायचं?"

"तेच तर सांगायचं होतं, चाचा." ती शांतपणे म्हणाली. "पुरुषांना वय झालं की आत एक गाठ वाढते, तिनं लघवीची वाट दबते. या कॅप्सूलमधलं औषध श्वासाची नळी उघडतं, पण त्या वाटेला कधीकधी आणखी अडवतं. तुमचा अंदाज खरा होता. दुसऱ्या प्रकारचं औषध मिळतं. पण आपल्या मनानं बंद केलं की काय होतं ते बघितलंत ना?"

चाचांनी इतक्या वेळात पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे हे होतं लोकांना? असं?"

"पुष्कळांना होतं. सांगत नाहीत, एवढंच."

तिने तिथूनच माणगावला फोन लावला. पलीकडे डॉक्टर बराच वेळ ऐकत होते. मग जैनुद्दीनचाचांना फोनवर घेऊन म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी आणखी देत बसलो असतो."

खरं अवघड काम घरी होतं. चाचांनी महेरुन्निसाला समोर बसवून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. संपल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "दवाखान्यात माझ्या तोंडून कसम काढलीत तुमी," आणि उठून आत गेली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या मंगळवारी माणगावला जायचं होतं. एसटीच्या नुसत्या विचारानेच चाचांना घाम फुटायचा. त्यांनी विनेशला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "मला दर अर्ध्या तासानं उतरावं लागतं. लघवीचा त्रास हाय. थांबशील ना?"

"थांबतो की, चाचा," विनेश म्हणाला. "माझ्या बापाला पण होता."

या वेळी सांगताना ते सोपं गेलं होतं. चाचांना त्याचं नवल वाटलं.

माणगावला सोनोग्राफी झाली. गाठ बरीच मोठी होती; ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि कागद बाजूला ठेवला. "अशा छातीला मी भूल देणार नाही. तीन महिने पंप नीट घ्या. मधे दमाचा एकही झटका नको. मग या." तोवर लघवीसाठी रात्रीची एक गोळी आणि छातीसाठी कॅप्सूलऐवजी दुसरा पंप मिळाला, प्लास्टिकच्या जाड नळ्यातून ओढायचा.

"तीन महिने," चाचा बाहेर येऊन महेरुन्निसाला म्हणाले. "गोदीत एकोणीस वर्षं काढली. तीन महिने काय घेऊन बसलीस."

ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी समोर बसणार. कानावर माझा भरवसा उरला नाय."

आणि ती बसू लागली. सकाळी सात, संध्याकाळी सात. चाचा नळा तोंडात धरायचे, पंप दाबायचे, सावकाश ओढून दहा आकडे श्वास रोखायचे. महेरुन्निसा त्यांच्या छातीकडे टक लावून बघायची, आत गेलं की नाही ते. मग चूळ भरायला पाण्याचा पेला पुढे करायची. पहिल्या आठवड्यात पेला जमिनीवर ठेवून निघून जायची. तिसऱ्या आठवड्यात हातात द्यायला लागली. एकदा चाचांनी घाईत श्वास पुरता रोखला नाही, तर म्हणाली, "सात झाले. परत." पुन्हा घेता येत नाही, डोस ठरलेला असतो, हे मृणालकडून कळल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं, आणि त्या दिवशी घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

चाचा रोज चालायचे. आधी मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग धक्क्यापर्यंत. चढणीवर थांबायचे, पण ठरवून थांबायचे, तोंडाचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचे, मृणालने शिकवल्यासारखा.

अडीच महिने सरले आणि त्यांना सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी कफ पिवळा आला, ताप आला. चाचांच्या मनात पहिला विचार आला तो लपवण्याचाच. झटका मोजला गेला तर ऑपरेशन पुढे जाणार. त्यांनी खोकला उशीत दाबला. मग स्वतःचाच राग आला आणि त्यांनी स्वतः मृणालला फोन लावला.

"पिवळा पडतोय. काल दुपारपासून."

ती अर्ध्या तासात आली. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही. ऑपरेशन मात्र तीन आठवडे पुढे गेलं. चाचा तरीही संध्याकाळी सात वाजता नळा घेऊन बसले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. कमरेत सुई देऊन, पूर्ण जागेपणी. फैझान रजा टाकून आला होता, पण ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोबत गेली महेरुन्निसा, पिशवीत पंप घेऊन. तिसऱ्या दिवशी लघवीची नळी निघाली आणि दुपारी चाचा संडासातून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच तिला सगळं कळलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत, पंप कायमचा. चाचांनी मान डोलावली. ते त्यांना माहीत होतं.

शेजारच्या खाटेवर कोंडाजी म्हणून एक म्हातारे होते, आतल्या गावातले, भातशेती करणारे, दम वाढला म्हणून आदल्या दिवशी आणलेले. उशाशी कॅप्सूलचं तसलंच मशीन. नर्सबाई त्यांच्यावर खेकसून गेली. "बाबा, औषध घेतच नाही तुम्ही! मरायचंय का?"

कोंडाजी भिंतीकडे तोंड करून पडले.

चाचा उठले, खाटेच्या दांड्याला धरून त्यांच्यापाशी गेले आणि स्टुलावर बसले. वॉर्डात आठ-दहा माणसं होती, नातेवाईक होते, बाया होत्या. चाचांनी आवाज खाली केला नाही.

"बाबा, लघवी नीट होते का?"

कोंडाजींनी मान वळवली. आधी चाचांकडे, मग वॉर्डभर पाहिलं.

"न्हाय," ते म्हणाले. "त्ये मशीन वडलं की अडतं."

"मला पण अडत होतं," चाचा म्हणाले. "डॉक्टर पाच वाजता येतात. मी बसतो इथंच. दोघं मिळून सांगू."