पारावरली भाकरी

"बाईमानसापुढं घरचं गाऱ्हाणं? तिथं तोंड उघडलं तर ह्याच पारावर चूल मांडून भाकरी थापीन, समद्यांदेखत!" शिवरुद्रनं मांडीवर थाप मारली.

"अन् न्हाई उघडलं तर मी थापीन," शेजारच्या रंगनाथनं टाळी दिली.

नकला करण्यात शिवरुद्रचा हात धरणारा चारठाण्यात कुणी न्हवता. पर तसल्याच एका नकलेपायी त्याची बायको त्रिवेणी महिन्यापासून येलदरीला, माहेरी बसली होती. "आधी जिंतूरच्या समुपदेशन केंद्रात चला, मग घरी यायचं बघू," एवढाच तिचा निरोप.

केंद्रात मंजुषा मॅडम होत्या. शिवरुद्र सुपारी चघळत पंख्याकडं बघत बसला. मॅडम म्हणाल्या, "पुरुषाशीच बोलायचं असेल तर मंगळवारी परभणीहून सर येतात. थांबता का?"

त्याची मान हलायच्या आत त्रिवेणीच बोलली. "नको मॅडम. बाप्या आला की हे त्याला हसवतेत. मग दोघं हसतेत, अन् मी पुन्हा एकटी."

"म्हणजे?"

"माझा एक पाय अधू हाय. ह्यांनी पारावर माझी चाल करून दाखवली. लोकं पोट धरून हसले. मी कोपऱ्यावरून बघायलते. तवापासून महादेवाच्या देवळात गेले न्हाई. पाऊल टाकलं की वाटतं, मागं कुणीतरी तसंच चालायलंय."

त्या नकलेचं नाव निघालं अन् कुणी हसलं न्हाई, असं पैल्यांदाच झालं. शिवरुद्रची सुपारी गालातच राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

दार बंद होतं. बाहेर कुणाला काय ऐकू जातंय!

दुपारच्या एस्टीनं दोघं गावात उतरली. पारावर रंगनाथ वाटच बघायलता. "काय आप्पा, उघडलं का तोंड?"

न्हाई म्हणायला काय जात होतं? पर त्रिवेणी मागं थबकली होती. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली न्हवती.

"उघडलं," शिवरुद्र म्हणाला. "चुकलं म्हणालो. आणा चूल."

एकच हशा उसळला. कुणी तीन दगडं मांडली, कुणी परात आणली, कुणी ज्वारीचं पीठ. पैली भाकरी थापताथापताच फाटली.

"आप्पा, ते ऱ्हाऊ द्या, वैनीची चाल दाखवा!"

"ती नक्कल आता कवाच व्हणार न्हाई," खाली मान घालून शिवरुद्र म्हणाला.

तवा त्रिवेणी हलली. पाराच्या अगदी पुढून, समद्यांदेखत, आपल्याच चालीनं घराकडं निघाली. रंगनाथ चुलीत लाकडं सारायलता. शिवरुद्रला तिच्याकडं बघायचं धाडस झालं न्हाई. त्यानं पिठाचा दुसरा गोळा हातात घेतला.