अर्धा कोरलेला दगड

"कोनवरून नको काका, तिकडं लई ट्रॅफिक हाय," असं म्हणत हरेशने मिनीबस भलत्याच रस्त्याला घातली आणि रूबेनकाकांच्या मनात पाल चुकचुकली. रविवारी, इतक्या सकाळी, कोनला ट्रॅफिक? ज्याचा जन्म पनवेलात गेला त्याला कुठला रस्ता कधी तुंबतो हे सांगावं लागत नाही. पण हरेशने आरशातून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर चटकन काढून घेतली.

मागची मंडळी मजेत होती. सगळी सिनेगॉगमधली, एकमेकांची उणीदुणी पाठ असलेली माणसं. पालीच्या वाटेवर ज्यू वारसा संग्रहालय नवं उघडलं होतं. ते बघायचं, जेवायचं आणि दिवेलागणीला परत यायचं, असा बेत होता. डायनाबाईंनी मलिद्याचं ताट मांडीवर घट्ट धरलं होतं आणि गूळपोह्यांचा वास गाडीभर पसरला होता.

रूबेन वाकरूळकर हे काही संग्रहालयं बघत हिंडणारे गृहस्थ नव्हेत. बाजारपेठेतल्या बोळात शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. मुलगी इस्राएलला, ती बोलावून बोलावून थकली. "सिपोराला एकटीला टाकून कुठे येऊ?" एवढंच त्यांचं उत्तर. सिपोरा त्यांची बायको. कोनच्या पलीकडे, शेताडीतल्या जुन्या कबरस्तानात तिला ठेवलेली. ती गेली तेव्हा काकांनी दोघांत मिळून एकच रुंद दगड घडवून घेतला. उजव्या अर्ध्यावर तिचं नाव, वर हिब्रूत, खाली मराठीत. डावा अर्धा कोरा, स्वतःसाठी. जिवंतपणी हे असलं अभद्र काही करू नये, असं चारचौघांनी सांगून पाहिलं. काका म्हणाले, "अहो, मी नुसता रुमाल टाकून ठेवलाय."

यंदा मात्र तिच्या वर्षाच्या दिवशी जाणं झालं नव्हतं. कबरस्तानाची झाडलोट हरेशची आई सखूबाई करायची. दरवेळी हरेशच दुकानात येऊन सांगायचा, "वाट खणलीय काका, पाय घसरंल. आईनं फुलं घातलीत." काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी ऐकलं. आता गाडीत बसल्या बसल्या त्यांना ते सगळं आठवत होतं आणि नीट जुळत नव्हतं.

वाटेत चहाला थांबले तर हरेश खाली उतरेना.

"चहा तरी घे रे."

"नको काका, उपास हाय."

रविवारी कोनच्या आगऱ्याला उपास असतो हे काका जन्मात पहिल्यांदाच ऐकत होते. आणि उपासाला चहा चालत नाही, हेही. त्यांना स्वतःचाही चहा मग गोड लागला नाही.

संग्रहालय चकचकीत होतं. मनस्वी नावाची हसरी मुलगी सगळं दाखवत होती. तेलाचा घाणा आला, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणायचे ही गोष्ट आली. माहीत असलेलीच गोष्ट नव्याने ऐकताना मंडळींनी कौतुकाने माना डोलावल्या. मग ती सगळ्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली.

"हे रेस्क्यू केलेले दगड. एका जुन्या कबरस्तानातले."

सिमेंटच्या ओट्यावर दगड रांगेने उभे केले होते. काकांनी नाव वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती.

"हा आमचा सगळ्यात इंटरेस्टिंग पीस," मनस्वी सांगत होती. "बघा, अर्धाच कोरलाय. नवरा बहुधा इस्राएलला निघून गेला असावा, म्हणून त्याची साइड ब्लँक राहिली."

डायनाबाईंना काकांकडे बघायचा धीर होईना. काका वळले आणि भिंतीचा आधार घेत घेत बाहेर गाडीपाशी आले.

"हरेश, दगड इथे आहे. ती कुठे आहे?"

हरेशने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "मशीन आलं तवा आमी करंजाला लग्नाला गेलतो, काका. सर्व्हिस रोडचं काम. येईपर्यंत अर्धं सपाट. आई पोकलेनपुढं आडवी पडली, तवा दगड तेवढं हाती लागलं, ते या लोकांनी हितं आणलं. तुमाला सांगायची हिंमतच नाय झाली."

"आणि खाली?"

"खाली हाय तशीच हाय. कोणी हात नाय लावला. वरनं मुरूम टाकला... डांबर टाकलं."

काकांना राग यायला हवा होता, पण वाटली ती भीती. भर बाजारात आईचा हात सुटलेल्या पोराला वाटते तशी. इतकी वर्षं मरणाची धास्ती अशी नव्हतीच त्यांना, कारण जायचं कुठे ते ठाऊक होतं.

बऱ्याच वेळाने ते पुन्हा आत गेले.

"पोरी, हा डावा भाग कोरून घ्यायचाय. नाव माझं घाल. तारीख नंतर कोणीतरी कळवेल."

मनस्वीला कळायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा पडला. "काका, सॉरी... मला खरंच माहीत नव्हतं. पण एकदा कलेक्शनमध्ये आलं की वस्तूत काही बदल करता येत नाही. तसा रूलच आहे." तिचे डोळे भरून आले. "पाटी मात्र मी आजच बदलते. काय लिहू?"

"लिही, नवरा कुठेही गेलेला नाही."

परतताना काका पुढे, हरेशच्या शेजारच्या सीटवर बसले. मागे मलिद्याचं ताट तसंच झाकलेलं होतं.

"कोनवरून घे," ते म्हणाले.

हरेशने गाडी वळवली. नवा रस्ता काळा कुळकुळीत, अजून पट्टे न मारलेला. ट्रक भरधाव चालले होते.

"जागा आली की सांग."

"हितनं, काका. या खांबापासनं," हरेश म्हणाला आणि त्याने गाडी अगदी हळू केली. मागचे ट्रक हॉर्न मारू लागले.

काकांनी वाकून चपला काढल्या. ऑपरेशनचा पाय दोन्ही हातांनी धरून सीटवर घेतला, मग दुसरा घेतला. कबरस्तानाची हद्द संपेपर्यंत त्यांनी पाय खाली टेकवला नाही.