फरशी तापते तेव्हा

मी फरशी बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय? पायाखाली आहे मी. गाद्यांच्या दुकानामागच्या अंगणातली, काळ्या दगडाची, चहूबाजूंनी भिंती आणि वर मोकळं आकाश.

माझा जन्म खाणीतला. तिथल्या अंधाराचं फारसं आठवत नाही. आठवतं ते बाहेर काढल्यावर पाठीवर पडलेलं पहिलं ऊन. त्या उन्हाच्या मी जी प्रेमात पडले ती आजतागायत. दुकान काढणाऱ्या म्हाताऱ्या गादीवाल्याने मला इथे बसवलं ते कापूस वाळवायला. वरून ऊन, खालून मी. कापूस कसा फुलून यायचा!

उन्हाळ्यातला माझा दिवस म्हणजे एक लांबलचक स्वप्न. सकाळी मी गार असते, सांध्यांत कालच्या पावसाची ओल असते. ऊन भिंतीवरून उतरतं, माझ्या कडेला शिवतं, मग सावकाश अंगभर पसरतं. मी ते पीत राहते. दुपारी ते पोटात मावेनासं झालं की मी उसासे टाकायला लागते. माझ्या अंगावरची हवा तापते, हलकी होते आणि वर निघते. एकट्या माझीच नव्हे. शेजारची छपरं, रस्ते, पलीकडचं तळं, ओली शेतं, सगळ्यांचेच उसासे वर जातात. उंचावरच्या गारठ्यात त्यांचा ढग होतो. आधी मुठीएवढा पांढरा, मग फुगतच जातो. तिसऱ्या प्रहरी तो काळवंडतो आणि धो धो कोसळतो. मी निवते, उसासे थांबतात, ढगाचंही बळ सरतं. रात्री चांदणं असं पडतं की जणू काही घडलंच नाही.

माणसं मात्र कपाळाला हात लावतात. "कुठून आला हा मेला पाऊस? सकाळी तर लख्ख ऊन होतं!" अहो, लख्ख ऊन होतं म्हणूनच आला. सकाळपासून मळभ असलं की ही मंडळी कापूस बाहेर काढायला घाबरतात, आणि नेमकी तेव्हा मी गार राहते नि बहुतेकदा थेंबही पडत नाही. मला हसू येतं, पण दगडाचं हसू कुणाला दिसणार?

म्हाताऱ्याने एक नियम घालून दिला होता. अनवाणी फरशीवर उभं राहायचं, पाय टेकवेनासा झाला की कापूस आत न्यायचा. जास्त तापला तर कापूस ठिसूळ होतो, असं त्याला वाटायचं. खरं म्हणजे मी तेवढी तापले की मागोमाग ढग ठरलेला. कारण चुकलं होतं, पण कापूस मात्र कधी भिजला नाही.

पुढे त्याचा मुलगा नि सून दुकान बघू लागले. ती आत शिलाई मशीनवर, तो माझ्यावर. ती आतून विचारायची, "पाय टेकतोय का हो?"

एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. या मुलाचे, म्हणजे आताच्या गादीवाल्याचे, पाय साखरेच्या दुखण्याने मुके झाले होते. चटका बसला की माणसाचा पाय आपोआप उचलला जातो. याचा उचलला जाईना. बायकोला कळलं असतं तर तिने दुकानाला कुलूप लावलं असतं. शिवाय लांब राहणाऱ्या लेकीला बऱ्याच वर्षांनी मूल झालं होतं, तेही दिवस भरण्याआधी. तिच्या जिवाला आणखी घोर कशाला? म्हणून तो भिंतीची सावली बघून अंदाजाने ओरडायचा, "भाजलं गं!" आणि या पायावरून त्या पायावर नाचायचासुद्धा. नाटकी मेला.

दवाखान्यातून सुटून लेक बाळासह माहेरी यायची होती. गादीवालीने स्वतःची गादी उसवली. आईने दिलेला कापूस होता तो. "नवा कापूस टोचायचा बाई पोराला," म्हणत तिने तो माझ्यावर पसरला.

ऊन कडक होतं. सावली नेहमीच्या जागी आली, पण गादीवाल्याला वाटलं, नातवाची गादी आहे, अजून जरा ऊब लागू दे.

"पाय टेकतोय का हो?"

"टेकतोय की! कोमट आहे अजून."

तो माझ्यावर उभा राहून कापूस उलटत होता आणि मी धगधगत होते. बाजूला हो रे बाबा, असं ओरडावंसं वाटलं. जन्मात पहिल्यांदा मला ऊन नकोसं झालं. पण ते घेणं न घेणं माझ्या हातात कुठे आहे? वर माझाच ढग काळा होत चालला होता.

गडगडाट ऐकून गादीवाली धावत बाहेर आली, तीही अनवाणी. "आई गं!" ती किंचाळून पायरीवर मागे सरली. "अहो, ही कोमट?"

त्याचा चेहरा पडला होता.

"पाय दाखवा."

"अगं, आधी कापूस उचल..."

"पाय दाखवा म्हणते ना!"

तळव्यांना फोड आले होते. तेवढ्यात पाऊस आला. आईचा कापूस डोळ्यांदेखत भिजत होता आणि ती पायरीवर त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली होती.

"कधीपासून हे?"

"झाले काही महिने. तुला घोर नको म्हणून..."

"मग आता काय करतेय मी?" ती रडत होती आणि त्याच्यावर ओरडतही होती. माझ्या अंगातून वाफा निघत होत्या. मला फार वाईट वाटत होतं.

कापसाचे गोळे झाले, गादी झालीच नाही. लेक आली तेव्हा आजोबांच्या पायांना पट्ट्या होत्या आणि उठायची बंदी होती. बाळ त्यांच्या मांडीवरच झोपायचं.

आता माझा एक कोपरा फुटलाय. गादीवाला चपला घालून वावरतो, कापसाचं बायको बघते. लेक पुन्हा आलीय आणि नातू दुडुदुडु चालायला लागलाय. तुमच्याही घरी कुणी "काही नाही, बरा आहे" म्हणत असेल, तर एकदा त्याचे पाय बघा एवढंच माझं सांगणं.

आत्ताच, भर दुपारी, नातू पायरीवरून माझ्याकडे झेपावत होता. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. लेकीने विचारलं, "बाबा, सोडू का याला फरशीवर?"

गादीवाल्याने तोंड उघडलं. मी श्वास रोखून धरला.

"मला विचारू नकोस बाळा," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "माझ्या पायांना कळत नाही. आईला विचार."

गादीवालीने वाकून माझ्यावर तळहात ठेवला. "नको गं. पाऊस पडून गेला की सोड."

आता सगळे पायरीवर बसून आकाशाकडे बघतायत. तेव्हा मंडळी, निरोप घेते. आज मला जरा घाईने तापायचंय.