हरणाऱ्याने भरायची किटली

"पकडायचा नाही, पोरा. पाडायचा. शेवटचा चेंडू आला की हाव धरायची नाही. हात मारायचा, जमिनीला लावायचा आणि घरी यायचं."

गॅरिक लुंडेला आजोबांनी हे गोठ्यामागच्या कुरणात शिकवलं, तेव्हा त्याचे दुधाचे दातही पुरते पडले नव्हते. आजोबा सेंट ऑलबन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात, हाताने चेंडू फेकायच्या त्या खेळात, बचावाला खेळलेले. पुढे त्याच कॉलेजात कोच वेंडल्टनेही गॅरिककडून तेच घोकून घेतलं. समोरच्यांनी फेकलेला चेंडू जमिनीला लागला की डाव मेला, आणि वेळ संपलेली असेल तर सामनाही संपला. पकडायला जावं तर निसटतो, आणि निसटलेला चेंडू कुणाच्या ओंजळीत पडेल ते देवच जाणे.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी, कॉलेजातल्या शेवटच्या सामन्यात, गॅरिकने तो पाडला. तेच तर दुखत होतं.

सामना माऊंट केरशी होता. दोन्ही कॉलेजं विस्कॉन्सिनच्या गाईगुरांच्या मुलखातली, मधे तासाभराचा रस्ता आणि वादाला एक जुनी, पोचे पडलेली दुधाची किटली. जिंकेल त्याच्याकडे ती वर्षभर. रीत अशी, की हरलेल्या कर्णधाराने दुसऱ्या दिवशी ती स्वतः नेऊन द्यायची, तीही आपल्याकडच्या दुधाने काठोकाठ भरून. अलीकडे दूध मागे पडलं होतं. गेल्या वर्षी माऊंट केर हरलं आणि किटली कॉलेजच्या गाडीतून आली, रिकामी, आत कुणाचा तरी एक मोजा.

नाणेफेकीला सेंट ऑलबनचा कर्णधार म्हणून गेलेल्या गॅरिकने ते उकरून काढलंच. "मोजा धुऊन ठेवलाय तुमचा. रीतभात शिकवलीच नाही का कुणी?"

माऊंट केरचा कर्णधार डेस प्रॉक्नो हसला. "आज हर की. मग शिकव आम्हाला."

"हरलो तर भरून आणीन. मी स्वतः. आमच्या गाईंचं. शब्द."

पंचांच्या देखत दोघांनी हात मिळवले. हरण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता, म्हणून शब्द इतका स्वस्तात निघून गेला.

आणि सामना जिंकल्यातच जमा होता. सेंट ऑलबन चार गुणांनी पुढे, घड्याळात जेमतेम एका डावाचा वेळ, माऊंट केर अर्ध्या मैदानावर अडकलेलं. त्यांनी करता येण्यासारखी एकच गोष्ट केली. देवाचं नाव घेऊन चेंडू उंच भिरकावला. तो करड्या आभाळात क्षणभर दिसेनासा झाला आणि गोलरेषेच्या आत, ढकलाढकली करणाऱ्या घोळक्यावर उतरला. गॅरिक सगळ्यांच्या वर झेपावला. चेंडू त्याच्या दोन्ही तळव्यांत येऊन टेकला. बोटं मिटली असती तर त्याचाच होता.

त्याने बोटं मिटली नाहीत. सगळं बळ लावून चेंडू खाली आपटला.

पण जमीन मधे आलीच नाही. माऊंट केरचा एक पोरगा तिथे पालथा पडला होता. चेंडू त्याच्या बुटाच्या टाचेवर आदळला, टणकन उडाला आणि मागे गुडघ्यांवर उठू पाहणाऱ्या प्रॉक्नोच्या मांडीत जाऊन बसला. प्रॉक्नोने त्याच्याकडे शेजाऱ्याचं पार्सल आपल्या दारात आल्यासारखं पाहिलं. मग कवटाळला. पंचांचे हात वर गेले: माऊंट केरला सहा गुण, आणि सामनाही.

कपडे बदलायच्या खोलीत गॅरिक बूट सोडत असताना कोच शेजारी येऊन बसला. "तू बरोबर तेच केलंस."

"मग हरलो कसे?"

"ते मला विचारू नकोस," कोच म्हणाला. "मला एवढंच शिकवता येतं. किटलीची काळजी नको, उद्या गाडीतून पाठवू."

वसतिगृहात ब्रॅम, त्याचा खोलीतला सोबती, वाट अडवून उभा. "हातात होता रे."

"पाडायचा असतो."

"हो, पण हातात होता."

घरी जाताना पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याने पैसे परत देताना तेच ऐकवलं. चर्चच्या दारात पाद्रीसाहेब भेटले, त्यांनी खांद्यावर हात ठेवून प्रार्थनेबद्दल काही सांगितलं आणि जाता जाता तेच विचारलं. ज्या ज्या तोंडांनी त्याला 'पाड' म्हणून शिकवलं होतं, तीच आता 'पकडला का नाहीस' म्हणत होती. चुकला असता तर निदान स्वतःवर रागावता आलं असतं. हा राग ठेवायचा कुठे? बुटाच्या टाचेवर?

घरी आई ताटावर हात जोडून बसली. "जे दिलंस त्याबद्दल, प्रभो..." गॅरिकने डोळे मिटले, तर आत टाच, टणकन, आणि चेंडू वर.

"आमेन म्हण, बाळा," आई हळूच म्हणाली. "रस्सा निवतोय."

"आज नाही जमत, आई."

"बरं. तुझ्या वाटचं मी म्हणते."

त्याने बाबांना विचारलं, "आजोबा असते तर काय म्हणाले असते?"

बाबांनी पाव मोडला. "पाडलास ते बरोबर, असं म्हणाले असते. मग आठवडाभर कुणाशी बोलले नसते."

तेवढ्यात फोन थरथरला. प्रॉक्नोचा निरोप होता: 'दुधाचं मनावर घेऊ नकोस. रिकामी पाठवलीस तरी चालेल.'

सगळ्या दिवसात त्याला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे. टोमणा असता तर परतवता आला असता. ही दया होती. फोन पालथा घालून तो उठला आणि गाडी काढून कॉलेजातून किटली घेऊन आला. कोचला तेवढं कळवलं, कारण सांगितलं नाही.

सकाळी गोठ्यात बाबा धारेचं यंत्र धूत होते. किटली बघून त्यांनी भुवई उचलली.

"कॉलेजची गाडी नेणार होती ना?"

"मी म्हणालो होतो, मी नेईन."

"राग गेला?"

"नाही."

"गाईंना निकाल ठाऊक नाही," बाबा म्हणाले आणि दुधाच्या टाकीची तोटी सोडली.

किटली गळ्यापर्यंत आली तसा बाबांचा हात तोटीवर गेला. "एवढं पुरे. सांडेल."

"काठोकाठ म्हणालो होतो."

बाबांनी हात मागे घेतला. आईने झाकणाखाली घालायला धुतलेलं पांढरं फडकं आणून दिलं. गॅरिकने किटली पुढच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा बांधला, दोन्ही बाजूंनी गोणपाट खोचलं. मग दूध हिंदकळू नये म्हणून पहिल्या गिअरमध्येच गाडी फाटकाबाहेर काढली आणि माऊंट केरच्या रस्त्याला लागला.