हिरवी पट्टी आणि रंगाऱ्याचा खांदा

मी एक रबराची पट्टी बोलतेय. हिरवी, चार बोटं रुंद, माणसाच्या उंचीएवढी लांब. खरं तर हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं. "तूपण गप्प राहा हं," असं एका रंगाऱ्यानं मला बजावलं होतं. मला तोंड नाही, म्हणून तो निर्धास्त होता. पण आता गप्प राहवत नाही.

कारखान्यात मी एका भल्यामोठ्या गुंडाळीचा तुकडा होते. मला कापलं, अंगावर पांढरी पावडर भुरभुरली आणि एका दवाखान्याच्या कपाटात ठेवून दिलं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मला बाहेर काढलं ते या रंगाऱ्यासाठी. वर्षानुवर्षं छतं रंगवून त्याचा उजवा खांदा पार दुखावला होता. दिवसभर एकच हालचाल, तीही डोक्याच्या वर.

"ही? हिनं तर माझी लेक वेणी बांधेल," तो हसला.

"ओढा बघू दहा वेळा. सावकाश."

मॅडमनी माझं एक टोक दाराच्या मुठीला बांधलं होतं. आठव्या वेळेला त्याच्या कपाळावर घाम आला. मीही पहिल्यांदाच ताणले गेले, आणि आपण कशासाठी आहोत ते मला तेव्हा कळलं.

"पंधरा मिनिटं पुरेत," मॅडम म्हणाल्या. "पण शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. आणि एक दिवसाआड. मधल्या दिवशी हिला हात लावायचा नाही. खांदा त्या सुट्टीतच भरून येतो."

घरी सामानाच्या खोलीचं दार माझं झालं. आजूबाजूला रंगाचे डबे, घासून बोथट झालेले ब्रश. त्याची लेक शाळेच्या गणवेशातच येऊन उभी राहायची आणि आकडे मोजायची. ती फार कमी बोलायची. आकडेसुद्धा ओठांतल्या ओठांत.

दोन आठवडे छान गेले. मग ठेकेदाराचा निरोप आला. महिन्याभरानं मोठ्या सभागृहाचं छत रंगवायचं होतं. गोल छत, कडेनं कोरलेली फुलं. रंगारी शिकाऊ होता तेव्हा त्याच्या उस्तादानं ते छत रंगवलं होतं आणि याला खाली डबे धरायला लावलं होतं. तेव्हापासून ते त्याच्या मनात होतं.

"दुप्पट केलं तर निम्म्या वेळात बरा होईन," त्यानं हिशेब मांडला.

मग रोज व्यायाम, तोही सकाळ-संध्याकाळ.

"बाबा, आज सुट्टीचा दिवस आहे ना?"

"तू मोज गं. आणि आईला सांगू नकोस." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तूपण गप्प राहा हं."

त्याचा खांदा आतून थरथरायचा. ते सगळ्यांत आधी मला कळायचं. मला सैल पडायचं होतं, पण ओढलं की ताणलं जायचं एवढंच मला येतं. बाराव्या दिवशी त्याच्याच्यानं चहाचा कपही तोंडापर्यंत नेववेना.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, पहिला कोट ओला असताना तुम्ही दुसरा मारता का?"

"वेडी की काय! पोपडे निघतील सगळे..." तो बोलता बोलता थांबला. एका डब्यावर बसून राहिला. "हे आधी नाही का बोलायचं, बाळा?"

"तुम्ही मोज म्हणालात. मी मोजत होते."

छत दुसऱ्यानं रंगवलं. त्यानं घरी सांगितलं तेच खरं मानून त्याची बायको अजूनही म्हणते, "मेल्या ठेकेदारानं ऐनवेळी शब्द फिरवला." तेव्हा तो ताटात बघत जेवत राहतो.

नंतरचे पाच महिने मात्र त्यानं मॅडमचा शब्द मोडला नाही. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस. सुट्टीच्या दिवशी मी नुसती लोंबकळत असायचे, पण उद्या तो येणार हे ठाऊक असायचं. असं वाट बघणंसुद्धा गोड लागतं.

मग खांदा बरा झाला, तो कामाला लागला आणि मी खिळ्यावर गेले. "बरं वाटलं तरी आठवड्यातून दोनदा करा," असं मॅडम म्हणाल्या होत्या. माणसं दुखणं गेलं की औषधाचं नावसुद्धा विसरतात. संध्याकाळी रंगाचा वास आला की मला कळतं, आला. तो सदरा काढतो आणि माझ्यावरच टांगतो. न ताणलेलं रबर सुकतं. माझ्या कडा पांढुरक्या झाल्यात, बारीक चिरा पडल्यात. त्याचा खांदा पुन्हा दुखावा असं मला मुळीच वाटत नाही. पण त्याचा तो खरखरीत तळवा हवासा वाटतो. दोन्ही खरं आहे, काय करू?

आणि काल ठेकेदार घरी आला. सभागृहाच्या छतातून पाणी मुरलंय, डाग पडलेत, पुढच्या महिन्यात पुन्हा रंगवायचंय. तो गेल्यावर रंगारी बराच वेळ कॅलेंडरसमोर उभा होता. बोटांवर दिवस मोजत होता. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. म्हणून तर बोलले. त्यानं मला हातात घ्यावं, पण घाई करू नये. थोडंच ओढावं, जीव लावून ओढावं, आणि मग मला एक दिवस खुशाल विसरावं. तेवढं विसरणं मी आनंदानं—

"अगं, ती हिरवी पट्टी काढ बरं खिळ्यावरची. आणि आज नुसती मोजू नकोस. मी जास्त करायला लागलो तर थांबव मला."

लेकीनं सदरा बाजूला केलाय. तिची बोटं माझ्या कडेवरच्या चिरा तपासतायत. मला एवढंच सांगायचं होतं की... पण राहू दे, ते आता त्यानंच लेकीला सांगितलंय.